मालवणी कानावर पडते, पण कळत नाही: आधी नुसतं ऐकावं की बोलायला लागावं?

बालाघाट:

कुडाळ तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून रुजू होते आहे. बोलणं लातूरकडचं. "मालवणी म्हणजे मराठीच की, आठवड्यात जमेल," असं जो तो सांगतो. पण म्हातारी माणसं आपसात बोलायला लागली की शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ भलतीकडेच जातो. रोज किती वेळ ऐकावं आणि नेमकं काय ऐकावं? नाटकं, रील वगैरे चालतील का? आणि महिनाभर नुसतं ऐकून मग बोलावं, की पहिल्या दिवसापासून मोडकंतोडकं बोलावं? व्याकरणाचं पुस्तक नको आहे, कान तयार करायचा आहे.

---

कानोसा:

शब्द ओळखीचे वाटतात, तीच खरी अडचण आहे. तमीळ किंवा जपानी शिकणाऱ्याला निदान कळतं तरी की आपल्याला कळलेलं नाही. मालवणी ऐकणाऱ्या मराठी माणसाला वाटतं की कळलं. त्यामुळे 'खंय' म्हणजे कुठे, 'कित्याक' म्हणजे का, 'वायच' म्हणजे थोडं, 'बेगीन' म्हणजे लवकर असल्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यात फार दिवस घालवू नका. ते शब्द खटकतात म्हणून आपोआप लक्षात राहतात. फसवतात ती क्रियापदांची शेपटं, कारण तीच शेपटं आपल्याकडेही आहेत आणि वेगळ्या कामाला लावलेली आहेत.

आपल्याकडे 'गेलो' म्हटलं की मी गेलो. मालवणीत 'गेलो' म्हणजे तो गेला. 'मी गेलो'साठी तिथे 'मी गेलंय' म्हणतात, बाई असो की बाप्या. आपल्या कानाला 'गेलंय' म्हणजे एखादं पोरगं किंवा वासरू गेलेलं असतं. आता बोलताना 'मी', 'तो' हे शब्द गाळले जातात, आणि उरतं नुसतं 'काल गेलो'. तुम्ही समोरच्याच्या नावावर लिहून मोकळ्या, आणि गेलेला असतो त्याचा झील, म्हणजे मुलगा.

'जाता'चंही तसंच. तो जाता, ती जाता, तां जाता, तिन्हीकडे एकच रूप. म्हणून 'पोट दुखता' हे पूर्ण वाक्य आहे. 'दुखता दुखता काय झालं?' म्हणून पुढची वाट बघत बसू नका.

तुमच्या कामाचा सगळ्यात धोक्याचा शब्द 'घेतलंय'. हे आठ-दहा सेकंदांचं बोलणं मोठ्याने वाचून बघा:

"फाटफटी उठलंय, वायच पेज जेवलंय. गोळी घेवक नाय. आता घराक गेल्यार घेतलंय."

घाटावरचा कान यातून काय उचलतो? उठलंय, जेवलंय, गोळी, घेतलंय. म्हणजे पेज झाली, गोळी झाली. प्रत्यक्षात बाई सांगते आहे: पहाटे उठले, थोडी पेज जेवले, गोळी घेतली नाही, आता घरी गेल्यावर घेईन. इथे दोन सापळे एकावर एक आहेत.

एक, मालवणीत पुढे होणाऱ्या गोष्टीला '-तलंय' लागतं: येतलंय म्हणजे येईन, जातलंय म्हणजे जाईन, करतलंय म्हणजे करीन. 'घे'ला तेच लावलं की होतं 'घेतलंय', आणि आपल्याकडे नेमका तोच शब्द 'घेऊन झालंय' या अर्थाचा. दोन, 'घेवक नाय' म्हणजे घेतली नाही. पण '-क' हे शेपूट 'जेवाक ये'मध्ये 'जेवायला ये' असंही येतं. म्हणून 'घेवक नाय' ऐकून 'घ्यायला नाही, म्हणजे गोळ्या संपल्या' असा अर्थ लावला जातो आणि नवी पट्टी हातात दिली जाते. 'घेत नाही, घेणं बंद आहे' असं सांगायचं तर 'घेणंय नाय' येतं. तेही कानाला 'घेवक नाय'च्या इतकं जवळ लागतं की भरलेल्या ओपीडीत फरक ऐकूच येत नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त तीन तिकड्या घ्या. येतंय, येतलंय, इलंय. जातंय, जातलंय, गेलंय. करतंय, करतलंय, केलंय. प्रत्येक तिकडीत चालू, होणार, झालेलं हा क्रम आहे. केंद्रातल्याच एखाद्या आशाताईंकडून किंवा शिपायाकडून हे नऊ शब्द मोबाइलवर बोलून घ्या, क्रम उलटसुलट करून. ऐकायचं आणि बोटांनी दाखवायचं: एक बोट चालू, दोन बोटं होणार, तीन झालेलं. तोंडाने काही म्हणायचं नाही. दहापैकी नऊ बरोबर यायला लागले की घाईच्या बोलण्यातले घ्या. तिथे 'येतलंय'मधला 'त' निम्मा गिळला जातो आणि उरतं 'येत्लंय'. 'घे' मात्र या तिकड्यांत घेऊ नका. काही घरांत झालेल्या गोष्टीलाही 'घेतलंय' म्हणतात, त्यामुळे नुसत्या कानावर निर्णय होत नाही. तिथे वेळेचा शब्द शोधायचा: फाटफटी, काल, आत्ता, 'गेल्यार', 'केल्यार'. हे '-र' म्हणजे आपलं '-वर', गेल्यावर, केल्यावर. 'न्हेरी केल्यार' म्हणजे न्याहारी झाल्यावर.

आता वेळेचं. एका दमात तासभर ऐकू नका. वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. त्यापुढे कान शिकत नाही, नुसता आवाज आत घेतो. तुकडा तीस-चाळीस सेकंदांचा, एकच माणूस, एकच विषय. पहिल्यांदा ऐकताना फक्त एवढंच ठरवा: कोणाबद्दल चाललंय, कधीचं, आणि माणूस हो म्हणतोय की नाही. पुन्हा दोनदा ऐका. मग जसं कानावर पडलं तसं लिहा. शुद्धलेखन सुधारायचं नाही, न कळलेल्या जागी रेघ मारायची. हे लिहिणं टाळू नका. 'तो गेलो' ऐकून हात आपोआप 'तो गेला' लिहितो. ती सुधारणा कागदावर दिसते, डोक्यात दिसत नाही. मग स्थानिक माणसाबरोबर ताडून बघा, चुकांना खुणा करा: शेपूट चुकलं, अनुस्वार चुकला की दोन शब्द जोडले गेले. आठवडाभरात एकाच प्रकारच्या खुणा जास्त दिसतील. पुढच्या आठवड्याचा अभ्यास तोच.

आठवड्याला पाच तुकडे पुरे. शंभर शब्दांत चार-पाचपेक्षा जास्त अनोळखी असतील तर तो तुकडा बाजूला ठेवा, महिन्याने काढा. झालेले तुकडे फेकू नका, तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी परत ऐका.

---

रांपण:

नाटकं आणि रील यांबद्दल. मालवणी नाटकातली मालवणी प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची असते, मुंबईच्या प्रेक्षकालाही कळायची असते. ती सुटी, ठसठशीत आणि बरीच सोपी केलेली असते. पहिल्या आठवड्याला उत्तम. पण ती कळली म्हणून पडवीतलं बोलणं कळेल असं नाही. रीलमध्ये अर्धी मालवणी आणि अर्ध्या शिव्या. त्यातून शिकलेलं केंद्रात बोलू नका, एवढंच सांगतो.

दशावताराची शिफारस कोणीतरी करणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: बघा जरूर, पण कानाच्या अभ्यासाला नव्हे. राजा, ऋषी, देव मंचावर पल्लेदार ग्रांथिक मराठीत बोलतात. मालवणी येते ती संकासुराच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी.

खरं ऐकायला मिळतं ते तुमच्याशी न बोललेलं बोलणं. एसटीत मागच्या बाकावरच्या दोघी, आठवडा बाजारात सुक्या मासळीपाशी चाललेली घासाघीस, रेशन दुकानाची रांग. तिथे कोणी तुमच्यासाठी भाषा बदलत नाही. अशा ठिकाणी सगळं समजून घ्यायला जाऊ नका. एका फेरीला एकच गोष्ट धरा. आज फक्त '-क' ऐकायचा: माका, तुका, घराक, बाजाराक, बघूक. उद्या फक्त प्रश्न.

बाजारात आकड्यांचा कान होतो. सहाला 'सा' म्हणतात, दहाला 'धा'. गोंगाटात 'सा' आणि 'सात' यांत फरक राहत नाही. डोसाच्या बाबतीत हे चालणार नाही, तिथे बोटं दाखवून विचारा. नामांचंही बघा: बांगडो एक, बांगडे अनेक. पण कुर्ली एक आणि कुर्ल्यो अनेक. म्हणजे शेवटचा 'ओ' ऐकून एकच आहे असं धरलंत तर टोपलीभर कुर्ल्यो घरी येतील. वाईट काही नाही म्हणा त्यात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्याच्या संकेतस्थळावर गावोगावच्या माणसांची बोलणी ऐकायला मिळतात. तिथे सिंधुदुर्गातली शोधा. माणसं आपापल्या घरी, आपापल्या वेगाने बोललेली आहेत. नाटकापेक्षा शंभर पटींनी कामाचं.

आणि 'मालवणी' म्हणजे एकच काही नाही. कुडाळात ऐकाल ते देवगडात तसंच्या तसं ऐकू येणार नाही. सावंतवाडी-दोडामार्गाकडे गेलात की गोव्याचा वारा लागतो, उद्याला 'फाल्या' म्हणणारे भेटतात. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने त्याच्या १९०५ च्या खंडात कुडाळीला, म्हणजे इथल्याच बोलीला, कोकणीत घातलं होतं. ती भाषा की बोली, मराठीची की कोकणीची, हा वाद इथे सुरू करू नका कोणी. त्याला वेगळा धागा आहे आणि तो अजून विझलेला नाही.

---

तिठा:

कानोसा यांनी शेपटांचं सांगितलं ते अगदी बरोबर. पण 'तोंडाने काही म्हणायचं नाही' हे घरच्या अभ्यासापुरतं ठेवा. केंद्रात गप्प बसलात तर ऐकायला काही मिळणारच नाही.

कारण सोपं आहे. समोर सरकारी माणूस दिसला, त्यात बोलणं घाटावरचं, की इथला माणूस लगेच 'शुद्ध' मराठीत शिरतो. तुमचा मान राखायला, थोडं आपली बोली गावंढळ वाटेल म्हणूनही. आणि त्या शुद्ध मराठीत त्याला पोटदुखी नीट सांगता येत नाही. 'टकला दुखता' हे सोडून तो 'डोकं दुखतंय' म्हणतो तोवर ठीक. पण दुखणं ठणकतं आहे, कुरतडतं आहे की कळ मारतं आहे, हे सगळं 'दुखतंय'मध्येच गुंडाळतो. (टकला म्हणजे इथे डोकं. केसांशी संबंध नाही. पहिल्या दिवशी हसू आवरा.)

म्हणून पहिल्या दिवसापासून चार शब्द तोंडात ठेवा: 'व्हय', 'मगे?', 'बरां', आणि 'माका कळता, तुमी मालवणीतच सांगा'. एवढ्याने माणूस सैल होतो आणि बोलता राहतो. पूर्ण मालवणी वाक्यं मात्र ओढून आणू नका. नाटक-सिनेमात मालवणी माणूस हसवायलाच आणला जातो, त्यामुळे बाहेरच्याने हेल काढला की आपली नक्कल चालली आहे असं वाटायला वेळ लागत नाही. तुम्ही तुमच्या मराठीत बोला, ऐका मालवणी. बरेच दिवस हा व्यवहार असाच चालतो आणि त्यात कोणालाच काही गैर वाटत नाही.

हेल काढायची घाई नको याचं आणखी एक कारण आहे. 'तू खंय जातस?' आणि 'तुमी खंय जातास?' यांत एका काण्याचा फरक. कोणी 'जातंस' असं नाकातही म्हणतं. 'तुमी' गाळलं आणि काना आखूड झाला की सत्तर वर्षांच्या आजोबांना तुम्ही एकेरीवर आणलंत. ऐकताना हा काना सापडायला लागला की मग बोला.

'व्हय' आणि 'व्हया' यांकडे लक्ष द्या. 'व्हय' म्हणजे हो, 'व्हया' म्हणजे हवं. आणि 'व्हय' म्हणजे दर वेळी 'समजलं, मान्य' असं नाही. गाऱ्हाणं कानावर पडलं असेल तर आठवा: एक जण देवाला घालतो आणि बाकीचे दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ओपीडीतलं 'व्हय' पुष्कळदा त्याच जातीचं असतं. तुम्ही सांगताय, ते मान राखतायत. 'समजलं ना?' असं विचारलंत तर 'व्हय' येणारच. त्याऐवजी तुम्ही ऐकलेलं तुमच्या शब्दांत परत सांगा: 'म्हणजे सकाळची गोळी अजून घेतली नाही, घरी जाऊन घेणार. असंच ना?' चुकीचं असेल तर माणूस दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्ती करताना शेपटं अगदी सुटी करून बोलतो. फुकटचा धडा. मग त्यालाच सांगायला लावा: 'घरी गेल्यावर काय करणार?' उत्तरात 'घेतलंय' आलं की या वेळी तो शब्द कोणत्या काळाचा आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं. कानाला पक्कं करायची याहून चांगली जागा नाही.

---

बालाघाट:

सगळ्यांचे आभार. 'घेवक नाय'चा अर्थ मी अगदी तसाच 'गोळ्या संपल्या' असा लावला असता. दोन शंका. ध्वनिमुद्रण करायचं तर रुग्णांचं करता येणार नाही, मग कोणाचं करू? आणि व्हॉट्सॲपवर कोणी बोलून पाठवलं तर ते सावकाश कसं ऐकायचं? तिथे वेग वाढवता येतो, कमी करता येत नाही. एकाच आशाताईंकडून सगळं बोलून घेतलं तर चालेल का?

---

ध्वनिवेडी:

शेवटच्या शंकेपासून सुरू करते, कारण त्यावर प्रयोग झालेले आहेत. जपानी माणसांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी त्यांना वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात, वेगवेगळ्या शब्दांत ते ऐकवले, चूक-बरोबर लगेच सांगितलं, आणि फरक ऐकू यायला लागला. १९९३ च्या पुढच्या प्रयोगात एकाच माणसाच्या आवाजावर शिकवलेल्यांना नवा आवाज समोर आला की ते तितकंसं जमेना. म्हणजे एकट्या आशाताई पुरणार नाहीत. निदान पाच आवाज हवेत: एक म्हातारी, एक म्हातारा, एक तरुण, एक शाळकरी पोर, आणि एक दात पडलेलं माणूस. शेवटचं थट्टेत नाही. 'त' दातांवर होतो. दात नसले की 'येतंय' आणि 'येतलंय' यांच्यातली भिंत आणखी पातळ होते, आणि तुमच्याकडे येणारे निम्मे तसेच असतील.

कान असा बंद का होतो, तेही सांगते. १९८४ मध्ये वर्कर आणि टीस यांनी दाखवलं की इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ओळखतात. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख जाते, कारण त्यांच्या भाषेत त्या फरकाला काम नसतं. आपलं मालवणीबाबत होतं ते थोडं वेगळं. ध्वनी ऐकू येतात, पण कान ते दुरुस्त करून पुढे पाठवतो. त्यावर उपाय एकच, ऐकल्यानंतर लगेच बरोबर काय होतं ते कळणं. दिवसभर रेडिओ चालू ठेवून हे होत नाही. आकाशवाणीच्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग केंद्रांवरचे बोलीतले कार्यक्रम जरूर ऐका, पण ते सरावाला. शिकण्याला नाही.

रुग्णांचं मुद्रण नकोच. शेजारी, घरमालकीण, केंद्राच्या गाडीचे चालक यांना विचारून करा. 'काहीतरी बोला' म्हटलं की माणसं शुद्ध बोलायला लागतात किंवा गाणं म्हणतात. काम सांगा: पेज कशी करतात, काल दिवसभर काय काय केलं, उद्या काय काय करणार. 'काल' आणि 'उद्या' असे दोन तुकडे एकाच माणसाकडून घेतलेत की '-लंय' आणि '-तलंय' समोरासमोर मिळतात. फोन मेजावर ठेवू नका, लाकडाचा घुमारा येतो. दुमडलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा. पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत बसू नका, आतल्या खोलीत बसा. अनुस्वार हा हळू आवाज आहे, पावसाच्या सरीत सगळ्यात आधी तोच बुडतो. मग 'माझां' आणि 'माझा' एकच.

व्हॉट्सॲपचा आवाज फोनमध्ये जतन करून व्हीएलसी या ॲपमध्ये उघडा, तिथे वेग कमी करता येतो आणि दोन खुणांमधला भाग पुन्हा पुन्हा लावता येतो. वेग पाऊण पटीपर्यंतच उतरवा. त्याखाली गेलात की 'त्ल' ताणला जाऊन कोणाच्याच तोंडी नसलेला आवाज तयार होतो, आणि कान तोच शिकून बसतो. पाऊण वेगात दोनदा ऐकलं की लगेच मूळ वेगात एकदा ऐका. नुसतं सावकाश ऐकून उठलात तर दुसऱ्या दिवशी ओपीडीत पुन्हा सगळं धावतं वाटेल.

---

रांपण:

दात पडलेला आवाज हवा असेल तर आमच्या आवाठातले, म्हणजे वाडीतले, आजोबा तयार आहेत. अट एकच: गजाली, म्हणजे गप्पा, पुऱ्या होईपर्यंत उठायचं नाही.